शरीर आणि नाती यावर लिहून करियर होतं का, आणि ती गोष्ट नक्की कोणाची असते?

प्रश्न थोडक्यात असा होता. वय २७, राहायला नाशिकचं सिडको, अंबड एमआयडीसीत क्वालिटीमध्ये नोकरी. वर्षभर स्वतःच्या वजनाबद्दल आणि मोडलेल्या नात्याबद्दल मराठीत पोस्ट लिहिते, त्यातली एक खूप फिरली. आता नोकरी सोडून फ्रीलान्स लेखन आणि स्टोरीटेलिंग पूर्णवेळ करावं का, टोपणनावाने लिहू का, ताई तुम्ही बारा वर्षं हेच करताय तर खरं खरं सांगा.

ताई म्हणालीस म्हणून मी तू च म्हणते. नोकरी आत्ता सोडू नको, आणि हो, यातून करियर होतं. पण तुझ्या प्रश्नात जे नाहीये तेच मला जास्त सांगायचंय, म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पैशाचं आधी उरकते. माझं पहिलं वर्ष सगळं मिळून ९० हजारांच्या आत गेलं, आणि त्यातलं शरीर नि नाती या विषयाचं जेमतेम वीस हजार. बाकीचं काय तर गंगापूर रोडच्या बिल्डरचं ब्रोशर, टाइल्सच्या दुकानाची वेबसाइट, पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्यांचं माहितीपत्रक. लाज वाटून घेऊ नको त्या कामांची, त्यांनीच माझं भाडं भरलं आणि कमी शब्दांत लिहायची सवय लावली. आज रुपयातले बारा आणे माझ्या विषयातून येतात, पण तेही लेखांमधून कमी आणि कॉलेजमधली सत्रं, कंपन्यांमधले कार्यक्रम, ऑडिओसाठी लिहिलेल्या गोष्टी, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांचं साहित्य सोप्या मराठीत करून देणं, यातून जास्त. मार्चमध्ये महिला दिनामुळे एका दिवसाला तीन तीन फोन येतात आणि मे महिन्यात कुत्रं विचारत नाही. दिवाळी अंकांचं मानधन बहुतेक ठिकाणी थोडकंच असतं आणि लेख जून-जुलैमध्ये द्यावा लागतो, पण तिथे तुला दोन-अडीच हजार शब्द सलग लिहायला मिळतात, ते सोडू नको. कंपन्या बिलातून सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो, म्हणून पहिल्या वर्षापासून सीए गाठ. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, ती करून ठेव, कारण २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि बिलावर तो नंबर दिसला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात हा माझा अनुभव आहे.

आता खरं.

२०१६ मध्ये मी माझ्या आईवर एक गोष्ट लिहिली. मी बारावीत होते, घरी पाहुणे होते, आणि आई स्वयंपाकघरात मावशीला हळू आवाजात म्हणाली होती, "हिचं कसं व्हायचं गं, अंग हे असं आणि रंग तो तसा." मी पाण्याचा तांब्या घ्यायला गेले होते आणि दारातच थांबले. ते वाक्य माझ्यात चौदा वर्षं रुतून बसलं होतं. ते मी लिहिलं, जीव ओतून लिहिलं, आणि एका ऑडिओ कंपनीने ते बारा मिनिटांची गोष्ट म्हणून घेतलं, १५ हजार दिले. तोपर्यंत मला कुणी एका गोष्टीचे एवढे पैसे दिले नव्हते. सहा पानी करार आला, मी शेवटच्या पानावर सही केली आणि पाठवून दिला.

गोष्ट चालली, खूप चालली. पंचवटीतल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचली. ज्या बाईने आईचा आवाज दिला होता तिने तो असा दिला की ऐकणाऱ्याला आई म्हणजे कोणीतरी कजाग बाई वाटावी. आईने ऐकलं. ती रागावली नाही, काही बोललीच नाही, चार महिने माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. मग उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना, माझ्याकडे न बघता, तिने सांगितलं की १९८३ मध्ये तिला बघायला आले तेव्हा तिला माजघरातून ओसरीपर्यंत दोनदा चालायला लावलं होतं, आणि रंगावरून अडलेलं लग्न तिच्या वडिलांनी दोन तोळे वाढवून जमवलं होतं. त्यासाठी त्यांनी ओझरकडचा जमिनीचा तुकडा विकला. "तुझ्या वेळेला मी ते दोन तोळे कुठून आणणार होते, त्या काळजीने बोलले मी. ते तुझ्या गोष्टीत कुठंय?" आणि मग म्हणाली, "काढून टाक ते."

मी काढू शकले नाही. करारात सगळे हक्क, सगळी माध्यमं, जगभर आणि कायमचे असं लिहिलेलं होतं. मी मेल केले, फोन केले, विनंती केली, पैसे परत देते म्हणाले. उत्तर आलं की हक्क आमचे आहेत. माझ्या आईच्या आयुष्यातली सगळ्यात अपमानाची भीती, तीही अर्धीच सांगितलेली, आज दुसऱ्याच्या मालकीची आहे आणि अजून कुठेतरी वाजतेय.

म्हणून हे नीट वाच. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा फ्रीलान्सरच्या बाजूचा आहे, आपल्यालाच तो माहिती नसतो. तू नोकरीत असताना मालकाच्या कामाचा भाग म्हणून लिहिलंस तर सहसा पहिला हक्क मालकाचा, पण बाहेरून लिहून दिलंस तर लेखाची पहिली मालक तूच. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, तोंडी किंवा फोनवर 'हो' म्हटल्याने जात नाहीत. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे कोरी जागा असली तर कायदा तुझं रक्षण करतो, आणि तू 'कायमचे, जगभर' याखाली सही केलीस की ते रक्षण तू स्वतःच्या हाताने काढून देतेस. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं चालतो, आईच्या गोष्टीच्या बाबतीत हा आकडा मी कितीतरी रात्री मनात मोजलाय. आता मी तीन वर्षांच्या वर कुणाला काही देत नाही, ऑडिओचे हक्क वेगळे, छापील वेगळे, स्टेजवर सांगायचा हक्क कायम माझ्याकडे, आणि एक ओळ हट्टाने घालते की गोष्टीतल्या खऱ्या व्यक्तीने लेखी हरकत घेतली तर महिन्याभरात गोष्ट काढायची. यामुळे माझी दोन मोठी कामं गेली. जाऊ देत.

तुझी ती फिरलेली पोस्ट मी वाचली. तो म्हणाला, 'थोडी बारीक हो मग घरी सांगतो', आणि तू तीन वर्षं त्या 'मग' ची वाट बघितलीस. छान लिहिलंयस, तो 'मग' मला चटका लावून गेला. पण त्यात त्याची लाल बुलेट आहे, त्याच्या वडिलांचं उत्तमनगरातलं मेडिकल आहे आणि बहिणीच्या लग्नाची तारीख आहे. नाव नाही लिहिलं म्हणून माणूस लपत नाही गं. नाशिक कितीही वाढलं तरी एका संध्याकाळी कॉलेज रोडवर चार ओळखीचे भेटतातच. कायद्याचं म्हणशील तर बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि नाव न घेता सुद्धा माणूस ओळखू येत असेल तर ते लागू शकतं, आणि 'पण हे खरंच घडलंय' एवढंच म्हणून सुटका होत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. पण माझी काळजी कायद्यापेक्षा वेगळी आहे. नात्यावर लिहिलेली गोष्ट कधीच एकट्याची नसते. तुझ्या शरीरावर तुझा पूर्ण हक्क, तुला काय वाटलं त्यावरही पूर्ण, पण त्याने ते वाक्य कुठल्या भीतीपोटी म्हटलं ते तुला माहीत नाही आणि तू ते माहीत असल्यासारखं लिहिलंयस. मी आईच्या बाबतीत अगदी हेच केलं होतं.

आता मी कसं करते ते सांगते. आधी विचारते. मग लिहिल्यावर त्या माणसाला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवते, मेलवर पाठवत नाही, कारण वाचताना त्याचा चेहरा कुठे बदलतो ते बघायचं असतं. मग एक आठवडा द्यायचा, आणि छापायला जाईपर्यंत कधीही 'नको' म्हणायची मुभा. तपशील बदलायचे ते बाहेरचे बदलायचे, गाव, धंदा, गाडी, पोरं किती. आतलं कारण बदललं तर गोष्ट खोटी होते. जो माणूस आता संपर्कात नाही किंवा ज्याला विचारणं सुरक्षित नाही, म्हणजे मारहाण करणारा नवरा वगैरे, तिथे विचारायचा प्रश्न येत नाही, पण मग ओळख पूर्ण पुसायची, जिची गोष्ट आहे तिच्याच सुरक्षिततेसाठी.

अजून एक, आकडे काढ. '८४ वरून ६१' हे तू प्रत्येक पोस्टमध्ये लिहितेस. जिला खाण्याचा त्रास आहे ती तुझी भावना वाचत नाही, तो आकडा वाचते आणि स्वतःला त्याच्याशी मोजते. मी सत्रांमध्ये फिजीचं उदाहरण देते. त्या बेटांवर भरलेलं शरीर म्हणजे चांगल्या घरचं असं मानायचे, आपल्याकडे खात्यापित्या घरची म्हणतात तसंच. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला. तेव्हाच्या पाहणीत वजन कमी करायला उलट्या काढणारी एकही शाळकरी मुलगी सापडली नव्हती, १९९८ च्या पाहणीत ते प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलं. बारीक बायकांच्या गोष्टीच तर होत्या त्या पडद्यावर. आपणही गोष्टीच सांगतो, म्हणून मला हे सारखं आठवतं. आणि बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्यावर, लिहायचं असेल तर आधी त्याचा इतिहास बघ, ते सूत्र १९व्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने समाजातला सरासरी माणूस कसा असतो हे शोधताना मांडलं, एकेका माणसाची तब्येत तपासायला नाही. डॉक्टर ते वापरतात, भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन धरतात, त्यांना त्यांचं काम करू दे. वैद्यकीय वाक्य लिहिलंस की ते डॉक्टरला दाखवल्याशिवाय छापू नको.

भाषेबद्दल खूप बोलायचंय. 'शरीरप्रतिमा' हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, पुस्तकात असतो. आपल्याकडे लोक काय म्हणतात? 'सुटलीस गं.' 'वाळलीस किती.' 'तब्येत सुधारली वाटतं लग्न मानवलं.' बघ, तब्येत सुधारणं म्हणजे वजन वाढणं, आणि हे कौतुक आहे की टोमणा हे बोलणाऱ्याच्या भुवईवरून ठरतं. बायोडाटातला 'निमगोरी', 'गहूवर्णी', 'बांधा मध्यम'. मुलीला 'अंगाने भरलेली' म्हणतात आणि मुलाला 'काडी पैलवान'. शाळेत सरांनी ठेवलेलं नाव चाळिशीतही मित्र हाक मारायला वापरतात. माझ्याकडे अशा शब्दांच्या तीन वह्या आहेत, रिक्षात, पार्लरमध्ये, हळदीला, बारशाला ऐकलेले. मोबाइलवर नको, वहीतच लिही, कोण म्हणालं कुणाला आणि त्यानंतर ती व्यक्ती काय करायला लागली ते सुद्धा. बहुतेक वेळा ती ओढणी नीट करते. तुझ्या पोस्टमध्ये 'सेल्फ लव्ह' हा शब्द अकरा वेळा आला, मी मोजला. सिडकोतली तुझी शेजारीण तो शब्द कधी बोलते का? तिच्याकडे त्या गोष्टीला काहीतरी शब्द असेलच, तो शोध.

आणि मराठीत या विषयाला परंपरा नाही असं समजू नको. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, शरीराबद्दल स्पष्ट मराठीत लिहिलं, खटले अंगावर घेतले आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत मासिक चालवलं. १९३३ मध्ये मालती बेडेकरांना अविवाहित मुलींच्या मनातलं लिहायला विभावरी शिरूरकर हे नाव घ्यावं लागलं होतं. टोपणनावाने लिहू का असं तू विचारलंयस, तर घे खुशाल, त्यात कमीपणा काही नाही. फक्त करार आणि बँक खातं खऱ्या नावाचं हवं.

स्टेजवर सांगणं हे वेगळंच काम आहे, लिहिलेलं पाठ करून म्हटलं की लोक मोबाइल काढतात. मी कॉलेजच्या मुलींसमोर सुरुवात नाकापासून करते. आपल्या गावाच्या नावाची कथा सगळ्यांना माहीत असते, शूर्पणखेचं नासिका छेदन इथे झालं म्हणून नाशिक. मी देवांवर काही भाष्य करत नाही, ती माझी जागा नाही. मी फक्त विचारते की नाकाचे वाक्प्रचार सांगा. नाक कापलं, नाक मुरडलं, नाक घासलं, नाकावर माशी बसू देत नाही, नाकीडोळी नीटस. फळा भरतो. मग विचारते, यातला कुठला तुमच्या घरात तुमच्याबद्दल वापरला गेलाय? हॉल शांत होतो, आणि मग एक हात वर येतो, आणि ती मुलगी जे सांगते ते माझ्या कुठल्याही तयार गोष्टीपेक्षा खरं असतं. माझं काम तिच्या गोष्टीला घाई न करणं. बोलता बोलता थांबणं यायला मला पाच वर्षं लागली, ती रिकामी जागा भरायची फार उबळ येते.

सातपूरच्या एका कारखान्यात कॅन्टीनमध्ये पुरुषांसमोर सत्र घेतलं तेव्हा मला वाटलं होतं कोणी बोलणार नाही. एक तिशीतला ऑपरेटर म्हणाला की तो मुलगी बघायला जाताना टोपी घालून जातो आणि घरात टोपी काढायचा क्षण आला की त्याच्या पोटात गोळा येतो. मग उंचीवर एक बोलला. मग निफाडचा एक, घरची द्राक्षबाग असून कारखान्यात आलेला, म्हणाला शेतकरी म्हणून अकरा ठिकाणी नकार आला, आता आरशात बघितलं की उन्हाने रापलेलं तोंडच दिसतं. शरीराचा न्यूनगंड आणि लग्नाचा बाजार किती एकमेकांत गुंतलेत हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. पुरुषांवर लिही, ती जागा अजून रिकामी आहे आणि ते बोलायला तयार आहेत.

सत्रानंतर दाराशी कोणीतरी रेंगाळतंच. तिच्याशी बोल, पण तू समुपदेशक नाहीस हे स्वतःला सांगत राहा. माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते, टेलिमानस १४४१६, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. शिवाय दोन ओळखीच्या मानसतज्ज्ञांचे नंबर, त्यांची परवानगी घेऊन.

जाहिराती येतील, लवकरच. तुझे फॉलोअर्स वाढले की पहिला मेल वजन कमी करणाऱ्या पावडरचा असेल, मला तसाच आला होता आणि रक्कम माझ्या सहा महिन्यांच्या कमाईएवढी होती. १९५४ चा एक कायदा आहे, औषधांच्या आणि चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींवरचा, त्याच्या यादीत लठ्ठपणा आहे आणि उंची पण आहे, म्हणजे हे बरं करतो असा दावा करून औषधाची जाहिरात करताच येत नाही. गोरेपणाच्या क्रीमचं तर बघितलंसच, १९७५ पासून फेअर असलेलं नाव २०२० मध्ये ग्लो झालं, ट्यूब मात्र आमच्या गल्लीतल्या दुकानात तिथेच आहे. पैसे घेऊन लिहिलं तर ते स्पष्ट लिहावंच लागतं, २०२१ पासून त्याचे नियम आहेत. माझं मत विचारशील तर या विषयात ब्रँडचे पैसे घ्यायचेच नाहीत. टाइल्सवर लिही, द्राक्षांवर लिही, पण जिने तुला तिच्या पोटावरच्या व्रणांबद्दल सांगितलं तिला पावडर विकू नको.

तर नोकरीचं. शिफ्ट सांभाळून आठवड्याला एक गोष्ट पुरी कर, पोस्ट नाही, सुरुवात आणि शेवट असलेली गोष्ट. मी पहिली तीन वर्षं शनिवार दुपार सार्वजनिक वाचनालयात बसायचे, १८४० पासूनची संस्था आहे, तिथे बसलं की हातून आपोआप जरा जबाबदारीने लिहिलं जातं. आठ महिन्यांचा खर्च बाजूला साठला आणि सलग सहा महिने लेखनातून पगाराच्या निम्मे आले की मग राजीनाम्याचा विचार कर.

आणि त्याआधी या आठवड्यात ती बुलेटची पोस्ट खाली घे. त्याच्याशी बोलणं शक्य असेल, आणि तुला भीती नसेल, तर त्याला आधी वाचून दाखव. नसेल शक्य तर बुलेट, मेडिकल आणि तारीख काढून पुन्हा लिही, आणि त्या 'मग' पाशी थांबून त्याचं उत्तर कोरं ठेव. नवा खर्डा झाला की मला पाठव, मी वाचते.